पाटीची जागा

आमच्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या उसाच्या रसाच्या प्रत्येक मशीनला डाव्या अंगाला एक पितळी पाटी असायची. तिच्यावर कोरलेलं असायचं, 'भारतात, पुणे येथे बनविले. तेल रोज घालावे. न घातल्यास आम्हांस विचारू नये.' शेवटचं वाक्य बाबांचं. मी कॉलेजात शिकत होते तेव्हा त्यांना एकदा म्हटलं होतं, की गिऱ्हाइकाशी असं बोलतात का कुणी? ते म्हणाले, "बोललो कुठं? लिहिलंय." 

पाटी बसवायची एक रीत होती. मशीन रंगवून झालं, रोलर फिरवून पाहिले, दात्यांच्या चाकाला घुंगरं बांधली, की बाबा हात धुऊन यायचे. मिस्त्री पाटी धरायचे आणि बाबा चार कोपऱ्यांत चार रिव्हेट ठोकायचे. दुसऱ्या कुणी ठोकलेले चालत नसत. पाटी बसली की ते मशीन, त्याआधी नुसतं लोखंड, असा त्यांचा हिशेब. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा लेथला, ड्रिलला, हातोड्यांना कुंकू लागायचं, आणि तयार होऊन उभ्या असलेल्या मशीनना लागायचं ते पाटीवरच. लहानपणी मी एकदा रोलरला लावलं तर त्यांनी फडक्यानं पुसून काढलं होतं.

शेड हडपसरच्या पुढं, मांजरीच्या अलीकडे. बाबांनी ती टाकली तेव्हा चहूकडे ऊस होता आणि ज्याचा रस काढायचा तो दारातच उभा आहे असं ते कौतुकानं सांगत. आता चहूकडे उंच इमारती आहेत. सकाळचं ऊन आमच्या पत्र्यावर पडेपर्यंत दुपार होते. शेजारच्या जागेवर काम काढलेला बिल्डर दर थोड्या दिवसांनी माणूस पाठवतो, माणूस नम्रपणे चहा घेतो, आणि बाबा त्याला नम्रपणे वाटेला लावतात. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. वय ऐंशीच्या पलीकडे, तरी सकाळी डबा घेऊन शेडवर जातातच.

मी वाघोलीच्या एका कॉलेजात विकासाचं अर्थशास्त्र शिकवते. हडपसरहून वाघोलीला जाण्यात रोज जेवढा वेळ जातो तेवढ्यात एखाद्या देशाची पंचवार्षिक योजना आखून व्हावी. त्या गर्दीत बसून मला नेहमी एकच विचार येतो, की बाबांचं सगळं तारुण्य माझ्या अभ्यासक्रमात एका प्रकरणात बसतं. बाहेरचा माल बाहेर ठेवायचा, लागेल ते घरी बनवायचं. त्या काळी एखादं यंत्र परदेशातून आणायचं तर परवाने काढता काढता माणूस म्हातारा व्हायचा, म्हणून बाबांसारख्यांनी शेड टाकल्या. बाबांना वाटतं आपलं मशीन चांगलं होतं म्हणून चाललं. मशीन चांगलं होतंच. पण दुसरं कुठलं मिळतच नव्हतं हेही खरं आहे, आणि ते मी त्यांच्यासमोर कधी म्हणत नाही.

त्या प्रकरणानंतरचं प्रकरण म्हणजे शेजारी देशांनी एकमेकांत दारं उघडायची. फळ्यावर मी दक्षिण आशियाचा नकाशा काढते, नीट येत नाही, श्रीलंका नेहमी मोठी होते. मग देशांमधून बाण काढते. इकडचा माल तिकडे, तिकडचा इकडे, जकात कमी, सगळ्यांचं भलं. हे मी इतकी वर्षं शिकवते आहे की बाण काढताना हात आपोआप वळतो.

त्यांतला एक बाण मात्र आमच्या घरचा होता. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका यंत्रांच्या प्रदर्शनात ढाक्याचा एक व्यापारी आला होता. आमच्या मशीनचं चाक फिरलं, घुंगरं वाजली, आणि तो जागचा हलेना. त्याच्याकडेही रस्तोरस्ती उसाचा रस विकतात, पण घुंगरं नसतात म्हणे. त्या वर्षीपासून हिवाळा आला की त्याची मागणी यायची आणि त्यांचा उन्हाळा लागायच्या आत मशीन पोचायची. इकडचं गिऱ्हाईक हळूहळू आटत गेलं. रसवंतीवाले आता स्टीलची चकचकीत बंद पेटीसारखी मशीन घेतात, ती बाहेरून येतात, स्वस्त पडतात आणि आवाज करत नाहीत. शेवटी शेवटी आमचं एकच मोठं गिऱ्हाईक उरलं, ढाक्याचं. ते होतं तोवर शेड होती, मिस्त्रींचा पगार होता, आणि बाबांना सकाळी उठून जायला जागा होती. यातलं शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटायचं.

त्या हिवाळ्यात मागणी नेहमीसारखी आली. मशीन तयार झाली, पाट्या बसल्या, आणि मग त्याचा फोन आला. बाबांना नीट ऐकू येत नाही म्हणून मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. रविवार होता, मी शेडवरच होते.

"दादा, बुरा मत मानिए," तो म्हणाला. "मशीन एकदम अच्छा है। लेकिन वो पीतल का प्लेट इस बार मत लगाइए। इधर अभी हवा ठीक नहीं है। दुकानवाला बोलता है, इंडिया का माल देखेगा तो लोग रस नहीं पिएगा।"

बाबा म्हणाले, "वो मराठी में है। तुम्हारे लोगों को पढ़ना आता है क्या?"

"पढ़ना नहीं आता दादा। देखना आता है।"

बाबांनी फोन स्वतःपासून थोडा लांब सरकवला. तिकडून तो घाईघाईनं म्हणाला, "घुंघरू रहने दीजिए। घुंघरू सबको अच्छा लगता है।"

फोन ठेवल्यावर मला आधी हसू आलं. आदल्याच दिवाळीत आमच्या सोसायटीत परदेशी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराची सभा झाली होती आणि बाबांनी तिथं जोरदार भाषण ठोकलं होतं. माल कुणाचा आहे ते बघून घ्या, पाटी वाचल्याशिवाय खिशात हात घालू नका, असं. टाळ्या पडल्या होत्या. आता तिकडेही कुठल्या तरी सोसायटीत कुणी तरी तेच सांगत असणार, आणि तिथंही टाळ्या पडत असणार. हे मी बोलले नाही, पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हसू नकोस. कळलंय मला."

त्यानंतर काही दिवस ते शेडवर जात, बसत आणि परत येत.  मीच वैतागून एकदा विचारलं, की नक्की अडलंय काय? पाटी म्हणजे काय जन्मदाखला आहे का?

"मग काय आहे?" ते म्हणाले.

मिस्त्री लोणी काळभोरचे. बाबांच्या हाताखाली आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होती, आता नातवंडं आहेत. मालकांपुढे ते सहसा मत देत नाहीत. त्या आठवड्यात मात्र त्यांनी कामाचं फडकं खाली ठेवलं आणि बाबांसमोर येऊन उभे राहिले.

"मालक, पाटी काय, पुना बसवता यील. शेड बंद पडली तर पुना उघडायची न्हाई. समोर बिल्डर टपून हाय. मला या वयात दुसऱ्या दारात कोन उभं करनार?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ड्रिल आणा," म्हणाले.

पाट्या काढायच्या तर रिव्हेटची डोकी ड्रिलनं उडवायची, पाटी उचकटायची आणि वरून रंगाचा हात मारायचा, एवढंच काम होतं. भोकं दिसली असती तर दिसली असती, ढाक्याच्या माणसाची काही तक्रार नव्हती. पण बाबांच्या हातून काम अर्धं होत नाही. अर्धवट करायचं तर हातच लावू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, गणिताच्या वहीपासून रांगोळीपर्यंत. त्यांनी प्रत्येक भोकात पितळेची खुंटी ठोकली, कानशीनं घासून सपाट केली, वर लांबीची पुट्टी भरली, ती सुकल्यावर पॉलिश पेपरनं घासली, परत भरली, परत घासली. मग अस्तर, मग हिरवा रंग. बोट फिरवून बघायचे आणि नाक मुरडून पुन्हा घासायला बसायचे. मिस्त्री म्हणाले, "मालक, बास की आता." बाबा म्हणाले, "काढायची म्हणजे काढायची. होती असं वाटता कामा नये."

मला त्यांचा राग आला होता. आपल्याच मनाविरुद्धचं काम इतक्या प्रेमानं कशाला करायचं? घरी येऊन रात्रभर पाठ दुखते म्हणून कण्हायचं आणि सकाळी परत जायचं. पण त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं काम येतच नव्हतं. उचकटताना पाट्या कोपऱ्यांत फाटल्या, वाकल्या. त्या सगळ्या त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवल्या.

याच दिवसांत मी मूळ देशाच्या दाखल्यासाठी खेटे घालत होते. शेजारी देशांमधल्या करारातली जकातीची सवलत हवी तर माल खरोखर आपल्याच देशात बनला आहे असा दाखला जोडावा लागतो. लोखंड कुठलं, रोलर कुठं ओतले, बेअरिंग कुणाचं, सगळं विचारतात. खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, देशाच्या रकान्यात भारत जरा ठळक येऊ दे. पुसट असलं की तिकडे अडवतात." मी ठळक लिहिलं. म्हणजे कागदावर भारत ठळक पाहिजे आणि लोखंडावर दिसायलाही नको. घरी येऊन बाबांना सांगितलं तर त्यांनी हात जोडले, मला नाही, असेच वर कुठं तरी.

त्या सोमवारी वर्गात नेमकं तेच प्रकरण होतं. मागच्या बाकावरून यवतमाळकडची एक मुलगी म्हणाली, "मॅम, एक डाउट आहे. आपण त्यांचा माल बॉयकॉट केला तर ते नॅशनलिझम. त्यांनी आपला केला तर?"

"तेही नॅशनलिझम," मी म्हटलं.

"मग हे बाण?"

मी फळ्याकडे पाहिलं. श्रीलंका या वेळीही मोठी झाली होती. "बाण परीक्षेत काढायचे," मी म्हटलं, "त्याला मार्क आहेत." वर्ग हसला. मुलगी हसली नाही, तिनं वहीत काही तरी लिहून घेतलं. मला स्वतःचा कंटाळा आला. पूर्वी अशा प्रश्नावर मी तासभर बोलले असते, खडूची पूड सगळ्या साडीवर घेऊन घरी गेले असते.

मशीन फळ्यांच्या खोक्यांत बंद झाली. ट्रक ठरला. आणि ट्रक यायच्या आधीच ढाक्याहून निरोप आला की थांबा. सीमेवर गाड्या खोळंबल्यात. एका बाजूनं काही माल अडवला होता, म्हणून दुसऱ्या बाजूनं काही अडवला होता, आणि आता कुठला माल चालेल नि कुठला नाही हे नाक्यावरच्या माणसालाही सांगता येत नव्हतं. जहाजानं पाठवावा एवढा आमचा माल नव्हता. व्यापारी बिचारा रोज फोन करायचा. "थोड़ा रुकिए दादा, खुल जाएगा।" मग दोन-चार दिवसांनी करायचा. मग आम्ही केला तर उचलायचा. त्यांचा उन्हाळा सरत आला, रसाचा हंगाम हातचा गेला. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. भांडायला समोर माणूस असता तर बाबांना बरं वाटलं असतं.

शेवटी मीच म्हटलं, निदान इथं खपतात का बघू. खोकी उघडली. मे महिना, मला सुट्टी होती, म्हणून मी रोज बाबांबरोबर शेडवर जात होते. ओळखीपाळखीत सांगून ठेवलं होतं. वाघोलीला कॉलेजसमोर रसवंती टाकणारे एक गृहस्थ आले, बँकेतून निवृत्त झालेले, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी अदबीचं.

"आपल्याकडे आलो ते एवढ्याचसाठी," ते बाबांना म्हणाले, "की मला बाहेरचं मशीन नको. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आपल्या देशाचंच पाहिजे."

कितीतरी दिवसांनी बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी मशीन चालू केलं, ऊस घालून दाखवला, रस गाळून त्यांच्या हातात दिला. गृहस्थ रस पिता पिता मशीनभोवती फिरले. मग वाकून डाव्या अंगाला पाहिलं, उजव्या अंगाला पाहिलं.

"यावर काही नाव वगैरे नाही?"

"होतं," बाबा म्हणाले.

"मग कुठं गेलं? खूण तर काही दिसत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला सुरुवात केली, ढाका, तिथली हवा, सीमा. बोलता बोलता माझं मलाच ते बनावट वाटायला लागलं. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"नाही, आपण तसं करत असाल असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण आजकाल बाहेरून आणतात, इथं रंग मारतात आणि आपलं म्हणून विकतात. मी ऐकलंय ना. पाटी वाचल्याशिवाय घ्यायचं नाही असं ठरवलंय मी. आपणच सांगा, मी खात्री कशावरून धरायची?"

मी बाबांकडे पाहत होते. या प्रश्नाला द्यायला बाबांकडे किमान दहा उत्तरं असायला हवी होती, आणि त्यांतल्या एकानं तरी तो माणूस फाटकापर्यंत मागे न बघता गेला असता. मी तर मनातल्या मनात त्याची कीव करायला सुरुवातही केली होती.

"खात्री काही नाही," बाबा म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

ते गृहस्थ 'विचार करून कळवतो' म्हणून गेले. मला आतून भीती वाटली. बाबा भांडले असते, ओरडले असते, ग्लास आपटला असता तरी चाललं असतं. ते उठले आणि घुंगरांवर बसलेली धूळ फुंकायला लागले.

पाट्या परत बसवू, असं मी म्हटलं नाही असं नाही. जुन्या फाटलेल्या होत्या. रविवार पेठेत ज्यांच्याकडे त्या कोरून घ्यायचो त्यांच्या दुकानात आता मुलगा बसतो, तो स्टिकर छापून देतो. नमुना घेऊन आले, सोनेरी होता, लांबून पितळेसारखा दिसायचा. बाबांनी तो नखानं उचलून पाहिला. "लोणच्याच्या बरणीला लावा," म्हणाले. आणि मिस्त्री म्हणत होते, की बसवल्या आणि उद्या तिकडचा रस्ता उघडला तर? पुना काढायच्या?  इकडे पाटीशिवाय कुणी हात लावत नव्हतं आणि तिकडे पाटीसकट कुणी हात लावणार नव्हतं. मधल्या मधे मशीन उभी होती, वर ताडपत्री टाकून.

पावसाळाभर ती तशीच राहिली. बिल्डरचा माणूस आला तेव्हा बाबांनी त्याला पहिल्यांदा बसवून घेतलं, काय म्हणणं आहे ते विचारलं, आणि सांगितलं, "खंडेनवमी होऊ द्या. मग बोलू." मिस्त्री ते ऐकून शेडच्या मागे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

खंडेनवमीला आम्ही तिघंच होतो. शेड झाडून घेतली. आदल्या दिवशी मिस्त्रींनी हत्यारं घासूनपुसून चौरंगावर मांडली होती. लेथला झेंडूची माळ घातली, ड्रिलला घातली. मशीनवरची ताडपत्री काढली, हिरवा रंग अजून नवाकोरा होता. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. लेथला कुंकू लावलं, ड्रिलला लावलं, हातोड्यांना लावलं, त्यांतल्या एकाला, ज्यानं ते रिव्हेट ठोकायचे, जरा जास्त लागलं. मग तबक माझ्या हातात देऊन ते मशीनपाशी आले. उजव्या हाताच्या बोटावर कुंकू घेतलं आणि डाव्या हातानं मशीनचं अंग चाचपायला लागले.

हात थोडा वर गेला. मग खाली आला. मग पुढे सरकला आणि परत मागे आला. भोक नव्हतं, खुंटी हाताला लागत नव्हती, रंगाला कुठं उंचवटा नव्हता. मिस्त्रींनी मान दुसरीकडे वळवली. बाबांनी चष्मा वर करून वाकून पाहिलं, पुन्हा हात फिरवला. बोटावरचं कुंकू सुकायला लागलं होतं.

"इथंच होती ना गं?" त्यांनी मला विचारलं.

मला काही दिसत नव्हतं. त्यांनी काम फार चांगलं केलं होतं.

"हो बाबा," मी म्हटलं, "इथंच होती."